भिंतीवरची नदी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याशेजारी मी कधी बसत नाही. माणूस वाईट आहे असं नाही. वास. टर्पेंटाइन, ऑइलपेंट आणि त्या दोघांच्या खालून हळूच डोकं वर काढणारा जनावराच्या मुताचा दर्प. माझं कपडे धुण्याचं दुकान आहे, त्यामुळे असे थर मला वेगवेगळे कळतात. इतरांना नुसताच वास येतो. आयुष्यभर लोकांच्या कॉलरी आणि काखा हाताळून मी एवढंच शिकले की माणूस ओळखायचा तर त्याचं तोंड बघू नये, काल काढून टाकलेला शर्ट बघावा. भाऊजींचे शर्ट ताई घरात धूत नाही. पिशवीची गच्च गाठ मारून माझ्याकडे पाठवते, आणि ते धुतल्यावर मी मशीन एकदा रिकामंच गरम पाण्यावर फिरवून घेते.

भाऊजींचं काम म्हणजे शहरातल्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यांच्या मागच्या भिंतींवर जंगल रंगवणं. आधी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. छापील पाट्या आल्या आणि तो धंदा बसला. तेवढ्यात झूच्या कुठल्याशा साहेबाला वाटलं की वाघाच्या मागे नुसता चुना बरा दिसत नाही, लोकांचे फोटो चांगले येत नाहीत. भाऊजींना बोलावणं आलं आणि आमच्या घरात कलाकार जन्मला. त्या दिवसापासून त्यांना कोणी 'रंगारी' म्हटलेलं चालत नाही.

जंगल त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. त्यांचं सगळं जंगल कॅलेंडरांवरून आलेलं, टायरवाल्याच्या आणि औषधवाल्याच्या. त्यामुळे मगरीच्या मागे बर्फाचे डोंगर आहेत आणि माकडांच्या मागे सूर्यास्त आणि शिडाची होडी. "भाऊजी, मगर आणि बर्फ?" असं मी एकदा विचारलं, तर मान तिरकी करून म्हणाले, "मेहुणीबाई, पांढऱ्यावर हिरवी उठून दिसते. तुला डागांतलं कळतं, रंगांतलं कळत नाही." तेव्हापासून मी तो विषय सोडला.

पण त्यांचा सगळ्यांत लाडका तोरा अस्वलाच्या भिंतीचा. तिथं त्यांनी नदी काढली आहे. वर धबधबा, खाली दगडांमधून खळखळत येणारं पाणी, आणि ते पाणी थेट पिंजऱ्याच्या फरशीला येऊन टेकतं. बाकीच्या भिंती वर्षानुवर्षं टिकतात, नदी मात्र खालच्या अंगाला उडते. उडते म्हणजे पार गिलावा दिसायला लागतो. मग ऑफिसातून फोन येतो, "नदी गेली, येऊन जा." भाऊजींचं म्हणणं, भिंतीला ओल आहे. गवंड्यानं सिमेंट चोरलं म्हणून त्यांनी त्या बिचाऱ्याशी भांडण काढलं, साहेबासमोर त्याला बोलणी खायला लावली, मागच्या बाजूनं डांबर मारून घेतलं. नदी उडायची ती उडतच राहिली. पण त्याचं त्यांना काही वाईट वाटत नसे. उलट दरवर्षी त्या फोननंतर छाती काढून घरभर फिरायचे. "माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही," हे वाक्य ताईला पाठ आहे.

काम दर सोमवारी कुठल्या ना कुठल्या पिंजऱ्यात चालतं, झू बंद असतं तेव्हा. अस्वलाला आतल्या खोलीत कोंडतात, पत्र्याचं दार खाली पडतं आणि मग भाऊजी शिडी, डबे घेऊन शिरतात. रंगावर मोठे पंखे लावायचे, संध्याकाळी सामान उचलायचं आणि निघायचं. झू चालू असताना ते कधी गेलेच नाहीत. "काम करावं आणि बाजूला व्हावं. लोकांत उभं राहून स्वतःची वाहवा ऐकणं हा हलकटपणा," असं ते म्हणत. आणि ती वाहवा लोकांच्या वतीनं स्वतःच घरी येऊन करत. मोबाइलमध्ये भिंतींचे ढीगभर फोटो आहेत, एकाही फोटोत जनावर नाही.

घरच्यांपैकीही कोणी त्या भिंती बघायला गेलेलं नव्हतं. ताईला तो वास उंबऱ्याच्या आत नको, ती त्याच्या उगमापर्यंत कशाला चालत जाईल? त्यांची मुलगी, माझी भाची, शाळेत होती तेव्हा वर्गातल्या मुली नाक धरून तिच्या बाकावरून उठायच्या. तिनं तेव्हाच ठरवलं की झूच्या फाटकाचं तोंड बघायचं नाही. लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि नव्या घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या तिनं आधी काय आणलं असेल, तर सुगंधाच्या बाटल्या. आणि मी? माझ्याकडे तो वास दर आठवड्याला पिशवीतून येतो. वेगळं जायची गरज नव्हती.

यंदा सुट्टीत भाची येणार होती, नवरा आणि लहान मुलीला घेऊन. ती यायच्या आदल्या दिवशी भाऊजी माझ्या दुकानात आले. मी इस्त्री करत होते. ते आपले टेबलापाशी उभे राहून चादरीच्या कडा सरळ करत राहिले, ज्या आधीच सरळ होत्या.

"काय हवंय, ते बोला," मी म्हटलं.

"एक दिवस बाहेर जायचं ठरतंय," ते म्हणाले. "जावई म्हणतात सफारी पार्क. मी म्हणतो झू. तू जरा माझ्या बाजूनं बोल."

"मी कशाला? मला दोन्ही नकोत."

"डॉक्टरांनी शिडी बंद केलीय," ते एकदम म्हणाले. "पुढच्या वर्षी दुसरा कोणी येईल, सगळ्यावर पांढरा मारेल. पोरीनं एकदा बघावं, एवढंच. बघावं आणि म्हणावं, आजोबा, छान काढलंय. तुझी ताई कधी म्हणाली नाही. मुलगी म्हणाली नाही. तूही नाहीस."

मी इस्त्रीत पाणी भरत राहिले. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला. एवढा म्हातारा माणूस आणि एका चिमुरडीच्या 'छान'साठी लाळ गाळतो, हे काही बघवत नाही. पण मी "बघू" म्हणाले.

मंडळी आली. जेवणं झाल्यावर जावईबुवांनी मोबाइल सगळ्यांसमोर धरला. सफारी पार्क. शहराबाहेर लांब, मोठंच्या मोठं कुंपण, आत जनावरं मोकळी आणि माणसं जाळीच्या बसमध्ये. बसच्या बाहेर एका दांड्याला मांसाचा लोंबता तुकडा बांधलेला. सिंह मागे धावतो, उडी मारतो, जाळीला नखं लावतो, आणि आतले लोक किंचाळून किंचाळून हसतात. एका बाईच्या गालावर सिंहाची थुंकी उडाली, तर ती आनंदानं पुसायचं विसरली.

"बघा बाबा, किती नैसर्गिक!" जावई म्हणाले. "जनावरांना मोकळीक असते. पिंजरे बघून मुलांच्या मनावर परिणाम होतो."

"मोकळीक कसली?" भाऊजी म्हणाले. "उन्हात जनावर पसरलेलं असतं, मागे काही सीनसीनरी नाही. आमच्याकडे एकेका प्राण्याला एकेक देखावा आहे."

मी दोघांकडे बघत होते. एक म्हणतो जनावर कोंडून त्याच्या मागे चित्र काढा, दुसरा म्हणतो उपाशी ठेवून बसमागे पळवा, आणि ह्यातलं जास्त दयाळू कोण हे ठरवायला आम्ही पंख्याखाली सोफ्यावर बसलेलो. उडदामाजी काळे गोरे. मला शिसारी आली आणि मी तसं सांगितलं. "मावशी, तू ना प्रत्येक गोष्टीला नाक मुरडतेस," भाची म्हणाली. माझं नाक हेच माझं पोट भरतं, तेव्हा ते मुरडायचा हक्क मला आहे.

शेवटी असं ठरलं की पोरगी म्हणेल तिथं जायचं. मग जी काही लाचलुचपत सुरू झाली ती काय सांगू. जावयांनी तिला दुर्बीण आणली. भाऊजी चॉकलेटं आणायला लागले. सकाळी एक, दुपारी दोन, कोणी बघत नसलं की आणखी एक. तोंडाभोवती चॉकलेटचं वाळलेलं वर्तुळ घेऊन ती घरभर हिंडायची, आणि भाऊजी तिच्यामागे, "कुठं जायचं मग आपण? झूला ना?" ती मान डोलवायची आणि हात पुढे करायची. मतदानाच्या दिवशी मात्र तिनं दुर्बीण डोळ्याला लावली आणि "सफारी!" म्हणून ओरडली. पोर पक्कं बापावर गेलं आहे.

भाऊजी "चालेल, चालेल" म्हणाले. चेहरा मात्र उतरलेला. सकाळी निघताना तरीही त्यांनी तिच्या खिशात चॉकलेटांची मूठ कोंबलीच, म्हणाले, वाटेत भूक लागेल.

जावयांची गाडी नवी होती. भाऊजी पुढे बसले, मागे आम्ही तिघी बायका आणि पोरगी माझ्या मांडीवर. काचा बंद, एसी चालू, आणि त्या बंद डब्यात भाऊजींचा तो तीन थरांचा वास. शहर संपलं, वळणं सुरू झाली. पोरगी गप्प झाली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एकदम ती माझ्याकडे वळली आणि सगळं बाहेर आलं. दूध, केळं, आणि चॉकलेट, चॉकलेट, चॉकलेट. माझ्या साडीवर, ओच्यात, चपलेत. कोमट. त्यातली अर्धी चॉकलेटं तर चावलेलीही नव्हती.

"सीट! सीटवर नको!" जावई ओरडले. मुलगी ओकतेय आणि ह्या माणसाला सीटची पडली आहे. मी त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही.

गाडी कडेला थांबली. ताईनं बाटलीभर पाणी ओतलं, ते पुरलं नाही. पोरगी रडत होती, पुढे आणखी तासाभराची वळणं होती आणि भाची म्हणाली की आता घरी चला. तेव्हा भाऊजींनी घसा खाकरला.

"झू परतीच्या वाटेतच आहे," ते म्हणाले. "तिथं नळ आहेत. पोरीचं तोंड धुता येईल."

माझ्या मांडीवर त्यांच्या चॉकलेटांचा चिखल आणि त्यांच्या डोळ्यांत चमक! मी तोंड उघडणार तेवढ्यात पोरीनं रडता रडता विचारलं, "आजोबांची चित्रं तिथं आहेत?" गाडी वळली.

फाटकाशेजारच्या नळावर मी जमेल तेवढी साडी धुतली. ओल्या साडीला वास येत होता, पण आत गेल्यावर कळलं की इथं माझा वास कोणाच्या लक्षातही येणार नाही. सुट्टीची गर्दी. बाकांखाली अर्धवट चाटलेल्या आइस्क्रीमच्या काड्या, त्यांवर मुंग्या. एक धडधाकट माणूस लांडग्यासमोर उभा राहून लांडग्यासारखा ओरडत होता आणि त्याची बायको ते मोबाइलवर घेत होती. लांडगा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता. दोन कॉलेजची पोरं झोपलेल्या मगरीवर खडे मारत होती, ती खरी आहे का रबराची हे बघायला. भिंतींमागून तो दर्प येत होता, माझ्या दुकानात पिशवीतून येतो तोच, फक्त इथं त्याला पिशवी नव्हती.

भाऊजींना ह्यातलं काही दिसत नव्हतं. पोरीचं बोट धरून ते तुरुतुरु चालत होते. माकडांपाशी ती "होडी!" म्हणाली तर त्यांनी तिला पुढे ओढलं. "ही काहीच नाही. चल, तुला नदी दाखवतो." कौतुक त्यांना नदीसाठी राखून ठेवायचं होतं.

अस्वलाच्या पिंजऱ्यापुढे सगळ्यांत जास्त गर्दी होती. कठड्याला माणसं चिकटलेली, मागच्यांनी मोबाइल डोक्यावर धरलेले. भाऊजी थबकले. वळून त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. "बघ," ते म्हणाले, "बघ मेहुणीबाई, माझ्या भिंतीला केवढी गर्दी." मग "जरा सरका, लहान मूल आहे" करत त्यांनी पोरीला कडेवर घेतलं आणि पुढे घुसले. आम्ही मागोमाग.

अस्वल लोकांकडे पाठ करून उभं होतं. म्हातारं, पाठीवरचे केस गळलेले. ते भिंत चाटत होतं. जिथं नदी फरशीला टेकते, नेमकं तिथं. खालून वर, पुन्हा खालून वर, न थांबता. खरखर आवाज येत होता, खरवडल्यासारखा. नदीचा खालचा भाग गिलाव्यापर्यंत उघडा पडला होता आणि आता जीभ त्याच्या वरच्या पाण्याला पोचत होती. कोपऱ्यात सिमेंटचा हौद. त्यात हिरवं, शेवाळलेलं पाणी, त्यावर चिप्सचं पाकीट आणि कबुतराची पिसं तरंगत होती. मध्येच अस्वल वळलं. त्याची जीभ बाहेर होती, ओठांना फेस होता, आणि तो फेस निळा होता.

लोक टाळ्या वाजवायला लागले. "पितंय, पितंय! खरंच वाटतंय त्याला!"

मला किळस आली. त्या अस्वलाची नाही, लोकांची. आणि भाऊजींची. मी त्यांच्याकडे बघितलं, ते आता छाती काढणार असं मला वाटलं.

त्यांचं तोंड उघडं होतं. "ओल नाही," ते म्हणाले. "ओल नाहीच."

पिंजऱ्याच्या बाजूला राखणदार बादली घेऊन उभा होता. त्यानं भाऊजींना ओळखलं आणि हसला. "आलात होय? बघा, उडवली परत. ह्या खेपेला निळा जरा जाड मारा."

"हे कधीपासून करतंय?" भाऊजींनी विचारलं.

"पहिल्यापासूनच की. तुम्हाला माहीत नाही? सगळ्यांना माहीत आहे. लोक हेच बघायला येतात. साहेब म्हणतात, बाकीचं राहू दे, नदी तेवढी दरवर्षी नवी करून घ्या."

"आणि हौद?"

"आहे की पाणी त्यात. हे तोंड लावत नाही, त्याला आम्ही काय करणार?"

जावयांनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. "मानलं बाबा! माणूस फसणं वेगळं, जनावर फसलं म्हणजे काय! सफारीत हे नसतं मिळालं." आणि कडेवरची पोरगी, जिला आतापर्यंत बरं वाटायला लागलं होतं, तिनं दोन्ही हातांनी आजोबांचा चेहरा स्वतःकडे वळवला.

"आजोबा," ती म्हणाली, "छान काढलंय. इतकं छान काढलंय की अस्वलाला पण खरं वाटलं."

भाऊजींनी तिला हळूच खाली उतरवलं. "छान नाही बाळा," ते म्हणाले. एवढंच म्हणाले आणि गर्दीतून मागे मागे येत एका बाकावर बसले. जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. आम्ही दोघंही सारखेच घाण वास मारत होतो.

नंतर फोन आला, नेहमीसारखा, "नदी गेली, येऊन जा." ताई नको नको म्हणत असताना ते सोमवारी गेले. डबे नेले नाहीत, तारेचा ब्रश नेला. दिवसभर शिडीवर उभं राहून त्यांनी सगळी नदी खरवडून काढली, धबधब्यासकट. साहेबानं येऊन बघितलं तेव्हा भिंतीवर नुसता राखाडी गिलावा उरला होता. त्याच संध्याकाळी त्यांना सांगण्यात आलं की पुन्हा फाटकातून आत यायचं नाही, निदान काम करायला तरी नाही. इतकी वर्षं केलेलं काम असं गेलं. ताई रडली. मी नाही रडले, पण गवंड्याचं काय, असं भाऊजींना विचारलं. ते त्याच्या घरी जाऊन पाया पडून आले होते, हे मला नंतर त्या गवंड्याच्या बायकोकडून कळलं.

हे सगळं त्यांनी नातीला फोनवर सांगितलं. लपवलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता अस्वल पाणी कुठं पितं?"

दुसऱ्या दिवशी भाऊजी रांगेत उभे राहून, चारचौघांसारखं तिकीट काढून आत गेले. अस्वल राखाडी भिंतीला नाक लावून बसलं होतं. हौदात तेच हिरवं पाणी. तेव्हापासून ते रोज जातात. कठड्यापाशी उभे राहतात आणि "हौद धुवा! पाणी बदला!" म्हणून घसा फाटेपर्यंत ओरडतात. फाटकावरच्या रखवालदारानं दोनदा दंडाला धरून बाहेर काढलं. पण ओरडणं थांबवायचा एकच उपाय आहे हे बादलीवाल्या राखणदाराच्या ध्यानात आलंय, त्यामुळे शिव्या घालत का होईना, तो हौद घासतो. अस्वल त्या पाण्याला तोंड लावतं म्हणे. रोज नाही, पण लावतं.

नदी गेल्यावर त्या पिंजऱ्यापुढची गर्दी ओसरली होती, ती आता परत जमायला लागली आहे. म्हातारा कधी येतो, काय ओरडतो, रखवालदार त्याला कसा ओढतो, हे बघायला लोक पोरंबाळं घेऊन येतात. मोबाइल वर धरलेलेच असतात. एकानं त्यांना शेंगदाणे फेकून मारले. तो व्हिडिओ फिरत फिरत जावयांच्या ऑफिसात पोचला आणि भाचीचा मला रडवेला फोन आला. "मावशी, तू तरी बाबांना आवर. सगळे हसतायत आमच्यावर."

मी त्यांना आवरायला म्हणून गेले. अस्वलाच्या कठड्यापाशी उभे होते, शर्टाची बाही उसवलेली, भोवती तोबा गर्दी, आणि प्रत्येक डोळा त्यांच्यावर. मी दात ओठ खात म्हटलं, "भाऊजी, पुरे आता. तमाशा झालाय तुमचा. ही माणसं बघतायत तुमच्याकडे."

"बघू देत," ते म्हणाले. "तेवढा वेळ तरी त्याच्याकडे कोणी बघत नाही."